काचेच्या बुटाचा क्लेम

मी विमा कंपनीच्या क्लेम खात्यात आहे. बावीस वर्षं एकच काम, समोरच्याच्या हकिगतीत भोक शोधायचं. 'गाडी उभी होती, झाड येऊन आदळलं' असं लेखी देणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यामुळे रविवारी दुपारी, वरणभात खाऊन, सात वर्षांच्या लेकीशेजारी बसून परीकथांची कार्टून बघणं हा माझ्यासाठी बिनपगारी ओव्हरटाइम असतो.

घरातला नियम असा की बाबाने मध्ये बोलायचं नाही. बोलला तर आत. आत म्हणजे बोरिवलीतलं आमचं स्वयंपाकघर, आणि तिथे खरकटी भांडी असतात. म्हणून मी दातओठ खाऊन गप्प बसतो.

पण 'ब्यूटी अँड द बीस्ट'ला बांध फुटला. शाप असा की एकविसाव्या वर्षापर्यंत राजपुत्राला कुणाचं प्रेम मिळालं नाही तर तो जन्मभर राक्षसच राहणार. पुढे मेणबत्तीचं स्टँड होऊन बसलेला नोकर गाण्यात सांगतो, दहा वर्षं आम्ही गंजत पडलोय. एकवीस वजा दहा. म्हणजे शाप बसला तेव्हा पोरगं अकरा वर्षांचं! आईबाप कुठे दिसत नाहीत, दारात अनोळखी म्हातारी, आणि त्याने तिला घरात घेतलं नाही. अहो, हेच तर आम्ही लेकीला रोज पढवतो! बेल वाजली तरी उघडायचं नाही, सेफ्टी डोअरच्या आतूनच 'आई अंघोळीला गेलीय' म्हणायचं. आमच्या सोसायटीने या पोराचा झेंडावंदनाला सत्कार केला असता. आणि राजवाड्याच्या स्वयंपाकघरातल्या बाईंची शापाने किटली झाली ती कशापायी? त्या काय दार उघडायला गेल्या होत्या?

"बाबा, आत!"

जलपरीच्या वेळी मी जरा सबुरीने घेतलं. पायांच्या बदल्यात आवाज चेटकिणीला देऊन बसली म्हणून तिला राजपुत्राला काही सांगता येत नाही. पण बाई, त्या चेटकिणीच्या करारावर तू झोकात सही केलीस ना? मग एका चिठोऱ्यावर 'तुला बुडताना वाचवणारी मीच' एवढं खरडायला काय झालं होतं? अटी न वाचता सही केली, तो भाग मात्र शंभर टक्के पटला. आमचे सगळे ग्राहक तसेच.

खरी पंचाईत झाली ती आई येऊन बसली तेव्हा. आई लालबागची, गिरणी कामगाराची मुलगी. झोपलेल्या राजकन्येच्या सिनेमात शाप असा की सोळाव्या वाढदिवसापर्यंत तिच्या बोटाला चरख्याची चाती टोचणार, म्हणून राजा राज्यातले सगळे चरखे जाळतो. आईने निवडायला घेतलेली मेथी खाली ठेवली.

"सगळे? मग सोळा वर्षं लोकांनी नेसलं काय?"

मी लेकीकडे पाहिलं. तिने आजीला 'आत' म्हटलं नाही. नियम फक्त मला.

"ब्याऐंशीच्या संपात गिरण्या बंद पडल्या तर घराघरातल्या चुली विझल्या," आई म्हणाली, "आणि ह्या मेल्याने अख्ख्या राज्याचं सूत बंद केलं, तर एक मोर्चा नाही?"

उभ्या जन्मात मला आईचा एवढा अभिमान वाटला नव्हता.

त्या जोरावर मी सिंड्रेलाची फाइल उघडली. बारा वाजता रथाचा भोपळा झाला, घोड्यांचे उंदीर झाले, झग्याच्या चिंध्या झाल्या. मग काचेचा बूट तेवढा कसा राहिला?

लेकीने रिमोटने सिनेमा थांबवला. "बाबा, भोपळा आधी भोपळा होता, म्हणून परत भोपळा झाला. बूट आधी काहीच नव्हता. परीने नवीन दिला. मग तो परत काय होणार?"

बावीस वर्षांत इतकं स्वच्छ स्पष्टीकरण माझ्या टेबलावर आलेलं नाही. तरी सवयीने म्हटलं, "बरं. तो बूट राज्यात फक्त तिच्याच पायात बसतो. एवढा मापाचा होता, तर जिन्यावर निघाला कसा?"

"तुझी कोल्हापुरी दादरच्या पुलावर निघाली, ती काय मापाची नव्हती?"

आई मेथीत तोंड घालून हसत होती. क्लेम मंजूर करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"दुसऱ्या पायातली टाकलीस ना रे?" आईने विचारलं.

नाही टाकली. चपलांच्या कपाटात खालच्या खणात आहे. उद्या कुणी पहिली घेऊन दारात उभं राहिलं तर?