आवाज गेला कुठे?

परभणीला आमच्याकडे वीज जाऊन परत आली, की एचडीएमआय केबलने (चित्र आणि आवाज दोन्ही वाहून नेणाऱ्या वायरने) जोडलेला मॉनिटर ध्वनी-उपकरण म्हणून पुढे सरसावतो, आणि ज्याला मुळात स्पीकरच नाहीत अशा त्या मॉनिटरकडे संगणक सगळा आवाज मुकाट्याने वळवतो. मग मी स्पीकरची वायर हलवत बसतो, आणि शेवटी सेटिंगमध्ये शिरून ध्वनी-उपकरणांच्या यादीत स्पीकरचे नाव शोधतो. रोज!

ब्लूटूथ हेडफोनची तऱ्हा तर याहून वाईट आहे. मुलीच्या ऑनलाइन तासाला त्याचा माईक सुरू झाला, की जोडणी संगीताऐवजी कॉलच्या पद्धतीवर जाते, स्टिरिओचा मोनो होतो (दोन्ही कानांना वेगवेगळा येणारा आवाज एकसारखा होतो) आणि बाई जणू आडातून बोलू लागतात. तास संपल्यावर स्पीकरवर बातम्या लावायच्या, तर पुन्हा तीच यादी, तीच शोधाशोध. यासाठी कीबोर्डवर एक साधे बटण का असू नये?