‘व्हाइट रायट’ हे गाणं गोऱ्यांच्या बाजूचं नाही

गेल्या रविवारी ताईने फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक पोस्ट टाकली आणि खाली लिहिलं, “सगळ्यांनी वाचा. आपली मुलं काय ऐकतात ते कळू दे.” पोस्टचं नाव ‘एका साध्या श्रोत्याची प्रामाणिक मतं’. हीच पोस्ट मला त्याआधी दोन ग्रुपवर आली होती आणि दोन्ही वेळा मी ती सोडून दिली होती. या वेळी सोडता आली नाही, कारण संध्याकाळी भाचीचा फोन आला. ती अकरावीत आहे आणि वर्षभर बेस गिटार शिकतेय. तिच्या खोलीत द क्लॅश या बँडच्या ‘लंडन कॉलिंग’ अल्बमचं पोस्टर होतं, ते भाऊजींनी काढायला लावलं. “मामा, बाबा म्हणतात हे नाझींचं संगीत आहे. खरंय का रे?”

खरं नाही. आणि सतरा वर्षांच्या मुलीला हे विचारावं लागलं याचा मला राग आलाय, म्हणून हे लिहितोय.

पोस्टकर्ता सांगतो की त्याने रॉक आणि पंकचे (पंक म्हणजे सत्तरच्या दशकातलं वेगवान, बंडखोर रॉक; क्लॅश त्यातलाच बँड) गाजलेले अल्बम महिनाभर ऐकले आणि त्याची मतं अशी झाली: पंक हे मुळात नाझी विचारांचं, वंशद्वेषी संगीत आहे, पुरावा म्हणून स्वस्तिक घातलेल्या गायकांचे फोटो, ‘व्हाइट रायट’ आणि ‘ब्लिट्झक्रीग बॉप’ ही गाणी. त्याउलट जुने रॉकवाले सभ्य आणि वंशभेदापलीकडचे. पंकवाल्यांना तीन कॉर्डपलीकडे (कॉर्ड म्हणजे एकत्र छेडायचे सूर) काही येत नव्हतं. त्यांनी प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक, संपवलं. त्याच प्रकारातल्या पिंक फ्लॉइड या बँडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम एका जुन्या हॉलिवूडपटावर बेतून बनवलेला आहे. आणि शेवटी, मुलींना पंकमध्ये जागाच नव्हती.

एखाद्याला पंक आवडत नसेल तर माझी काही हरकत नाही. माझ्या आईलाही तो गोंगाटच वाटतो. पण नावडणं वेगळं आणि माणसांवर नाझीपणाचा आळ घेणं वेगळं.

‘व्हाइट रायट’पासून सुरुवात करतो, कारण पोस्टकर्त्याने सगळ्यात मोठा इमला याच गाण्यावर रचलाय. “गोऱ्यांनी दंगल करावी, असं हे गाणं उघड सांगतं,” असं तो लिहितो. त्याने शीर्षक वाचलं आणि तिथेच थांबला. ऑगस्ट १९७६ मध्ये लंडनच्या नॉटिंग हिल कार्निव्हलमध्ये दंगल झाली. कॅरिबियन लोकांचा हा उत्सव. त्या वर्षी तिथे पोलिसांचा प्रचंड बंदोबस्त होता. काळ्या पोरांना नुसत्या संशयावरून रस्त्यात अडवायचं, पकडायचं, हे तेव्हा रोजचं होतं. त्यासाठी पोलिस १८२४ च्या भटक्यांविषयीच्या कायद्यातलं एक कलम वापरत. लोक त्याला ‘सस’ म्हणत. त्या दिवशी लोकांचा बांध फुटला. क्लॅशचे जो स्ट्रमर आणि पॉल सिमनन त्या गर्दीत होते. गाणं तिथून आलं. त्याचं म्हणणं असं: काळ्या लोकांवर अन्याय होतो तेव्हा ते वीट उचलायला घाबरत नाहीत, आम्ही गोरी पोरं मात्र शाळेत जातो, तिथे मठ्ठ होऊन बाहेर पडतो आणि सांगितलं तसं वागतो. गोऱ्या पोरांनीही आपल्यावर सत्ता गाजवणाऱ्यांविरुद्ध असंच उठावं, अशी ती हाक आहे. काळ्यांविरुद्ध त्यात एक शब्द नाही. शीर्षक फसवं आहे, हे कबूल करतो. पण गाणं दोन मिनिटांत संपतं. महिनाभर ऐकणाऱ्याला तेवढी दोन मिनिटं काढता आली नाहीत?

गाणं समजलं नसेल तर निदान अल्बमचं कव्हर तरी उलटून पाहायचं. एप्रिल १९७७ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या अल्बमच्या मागच्या बाजूला त्याच दंगलीतला फोटो आहे. उंचावरून जाणाऱ्या वेस्टवे रस्त्याच्या खाली पोलिसांची फळी धावून जातेय. याच अल्बमवर क्लॅशने ज्युनियर मर्विन या जमैकन गायकाचं ‘पोलिस अँड थीव्ह्ज’ हे रेगे गाणं वाजवलंय; रेगे म्हणजे जमैकाचं संगीत. कार्निव्हलच्या त्या उन्हाळ्यात मूळ गाणं लंडनभर वाजत होतं. बाकीची बहुतेक गाणी दोन-अडीच मिनिटांची, आणि हे सहा मिनिटांचं. पुढे मूळ गाण्याचा निर्माता ली पेरी यानेच क्लॅशच्या ‘कम्प्लीट कंट्रोल’ या गाण्याचं ध्वनिमुद्रण केलं. काळ्यांचा द्वेष करणारा बँड त्यांचं गाणं आपल्या पहिल्याच अल्बमवर सगळ्यात जास्त जागा देऊन वाजवेल का?

क्लॅशमध्ये होतं तरी कोण? गिटारवाला मिक जोन्स, त्याची आई ज्यू. स्ट्रमरचा जन्म तुर्कस्तानात अंकारा इथे झाला, आणि त्याचे वडील आपल्या लखनौमध्ये जन्मलेले. सिमनन वाढला तो ब्रिक्स्टनसारख्या कॅरिबियन वस्त्यांमध्ये, रेगे ऐकतच. भिंतीवरून उतरवलेल्या त्या पोस्टरवर स्टेजवर बेस आपटणारा माणूस आहे ना, तोच हा.

आता ‘ब्लिट्झक्रीग बॉप’. रमोन्स या न्यूयॉर्कच्या बँडचं हे गाणं १९७६ चं. शीर्षकात जर्मन युद्धतंत्राचं नाव आहे, म्हणून पोस्टकर्त्याने ते नाझी ठरवलं. हे गाणं मुख्यतः लिहिलं ते त्यांचा ड्रमर टॉमी रमोन याने. त्याचं खरं नाव तमाश एर्देयी, जन्म बुडापेस्टचा, घर ज्यू. नाझींनी ज्यूंचा संहार चालवला होता तेव्हा शेजाऱ्यांनी लपवलं म्हणून त्याचे आईवडील वाचले. त्याचे कित्येक नातेवाईक मारले गेले. बँडचा गायक जोई रमोन, तोही ज्यू. आणि गाण्यात आहे काय? मैफलीला निघालेल्या पोरांचा धिंगाणा. सुरुवातीच्या त्या प्रसिद्ध आरोळीची कल्पना टॉमीला बे सिटी रोलर्स या पोरीबाळींच्या लाडक्या पॉप बँडच्या एका गाण्यावरून सुचली. ज्याच्या घरातली माणसं नाझींनी मारली त्याच्या गाण्याला नाझी म्हणायचं, आणि त्याला ‘प्रामाणिक मत’ असं नाव द्यायचं! पोस्टमधली ही ओळ मला सगळ्यात जास्त लागली.

स्वस्तिकाच्या फोटोंचं काय? ते फोटो खरे आहेत, नाइलाजाने का होईना, मान्य करावं लागतं. सूझी सू आणि सिड व्हिशस या लंडनच्या पंक कलाकारांनी १९७६ च्या सुमारास नाझींचं स्वस्तिक अंगावर मिरवलं. आईबापांच्या पिढीला डिवचायला केलं, असं त्याचं समर्थन केलं जातं. मला ते पटत नाही. युद्ध संपून एकतीस वर्षं झाली होती आणि छळछावण्यांतून वाचलेली माणसं त्याच शहरात राहत होती. त्याच अंगाने आणखी एक: रमोन्सच्या पहिल्या अल्बमच्या शेवटच्या गाण्यात नाझी पोराच्या तोंडी ओळी आहेत. रेकॉर्ड कंपनीचा प्रमुख स्वतः ज्यू होता; त्याने आक्षेप घेतल्यावर काही शब्द बदलले गेले. स्क्रूड्रायव्हरसारखा बँड तर पुढे खरोखरच गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा झाला. इतपत पोस्टकर्त्याचं खरं.

पण याला सगळ्यात आधी विरोध कोणी केला? सप्टेंबर १९७६ मध्ये लंडनच्या १०० क्लबमध्ये पंक महोत्सव होता. सूझीच्या बँडला क्लॅशचे अ‍ॅम्प्लिफायर हवे होते. क्लॅशचा मॅनेजर बर्नी ऱ्होड्सने साफ नकार दिला, कारण तेच स्वस्तिक. १९८१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डेड केनेडीज या बँडने नाझी पंकांना थेट शिवी घालणारं गाणं काढलं, आणि रेकॉर्डसोबत स्वस्तिकावर काट मारलेली दंडपट्टीही दिली. घरातली घाण घरातल्यांनी साफ केली, ती अशी.

“जुने रॉकवाले सभ्य होते” हे वाक्य वाचून तर मी फोनच खाली ठेवला. ऑगस्ट १९७६ मध्ये बर्मिंगहॅमच्या मैफलीत स्टेजवरून एरिक क्लॅप्टन हा गाजलेला रॉक गिटारवादक परदेशी लोकांविरुद्ध बोलला. ब्रिटन काळ्यांची वसाहत होऊ देऊ नका, असं म्हणत त्याने ईनॉक पॉवेल या स्थलांतरितांविरुद्ध बोलणाऱ्या राजकारण्याची तळी उचलली. याच क्लॅप्टनने दोन वर्षांआधी बॉब मार्ली या जमैकन रेगे गायकाचं ‘आय शॉट द शेरिफ’ गाऊन अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवला होता. म्हणजे गाणं काळ्या माणसाचं चालतं, माणूस चालत नाही. खूप वर्षांनी त्याने या वागण्याची लाज वाटते असं सांगितलं, तेही नोंदवतो. तेव्हा मात्र रेड सॉन्डर्स नावाच्या छायाचित्रकाराने आणि त्याच्या मित्रांनी संगीताच्या साप्ताहिकांना एक जळजळीत पत्र पाठवलं, तुझं अर्धं संगीत काळ्यांचं आहे हे त्याला सुनावलं आणि वंशद्वेषाविरुद्ध चळवळ उभी करू असं लिहिलं. त्यातून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ उभी राहिली. पंक बँड आणि रेगे बँड एकाच स्टेजवर आणायचे, ही तिची रीत.

पोस्टकर्त्याने दुसरं काही वाचू नये, एका दिवसाबद्दल तेवढं वाचावं. ३० एप्रिल १९७८. नॅशनल फ्रंट हा गोऱ्यांचा पक्ष तेव्हा लंडनच्या ईस्ट एंडमध्ये पाय रोवत होता. आशियाई माणसांना रस्त्यात गाठून मारलं जात होतं. त्याआधी दोनच वर्षं साउथॉलमध्ये गुरदीप सिंग चग्गर या अठरा वर्षांच्या मुलाचा खून झाला होता. त्या दिवशी ट्रफाल्गर चौकातून मोर्चा निघाला आणि ईस्ट एंडमधून मैलोगणती चालत हॅकनीच्या व्हिक्टोरिया पार्कला पोचला. ऐंशी हजारांहून जास्त लोक होते असं सांगतात. स्टेजवर क्लॅश, एक्स-रे स्पेक्स, बर्मिंगहॅमचा रेगे बँड स्टील पल्स आणि टॉम रॉबिन्सन बँड. क्लॅशने तिथे ‘व्हाइट रायट’ वाजवलं. होय, तेच गाणं. चारच दिवसांनी व्हाइटचॅपलमध्ये अल्ताब अली हा कपड्यांच्या कारखान्यात काम करणारा बंगाली तरुण घरी जाताना भोसकला गेला. ज्या जागेजवळ तो पडला त्या बागेला आज त्याचं नाव आहे. आपल्यासारखी दिसणारी माणसं अशी मरत होती तेव्हा ज्यांनी उघडपणे त्यांची बाजू घेतली, त्यांत हे पंकवाले होते. त्यांचंच पोस्टर पुण्यातल्या एका घरात नाझी म्हणून भिंतीवरून उतरतं, हे मला सहन होत नाही.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवायची गरज नाही.

तीन कॉर्ड: सुरुवातीला अनेकांना धड वाजवता येत नव्हतं, हे खरं. सिमननने सूर ओळखायला बेसच्या पट्टीवर अक्षरं रंगवली होती. पण रमोन्सचा पहिला अल्बम ऐका, अर्ध्या तासाच्या आत चौदा गाणी. जॉनी रमोन त्या वेगात हात फक्त खालच्या दिशेने मारतो, एकही अपस्ट्रोक नाही. कुणी गिटार शिकत असेल तर त्याने एक गाणं तसं वाजवून बघावं. मनगट भरून येतं. आणि ‘पोलिस अँड थीव्ह्ज’मध्ये एक गिटार मात्रेवर वाजते, दुसरी दोन मात्रांच्या मधल्या जागेत, तेव्हा तो ठेका उभा राहतो. परवा भाचीबरोबर फोनवर ते ऐकत होतो. मी टाळीने मात्रा धरली आणि ती मधल्या जागा बोटाने टेबलावर वाजवत होती. दुसऱ्या कडव्यापर्यंत तिची एकही जागा चुकली नाही.

प्रोग्रेसिव्ह रॉक पंकने संपवलं म्हणे. पिंक फ्लॉइडचा ‘द वॉल’ नोव्हेंबर १९७९ मध्ये आला, म्हणजे पंकच्या ऐन भरानंतर, आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. ‘डार्क साइड’ तर १९८८ पर्यंत बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत एकूण ७४१ आठवडे होता. मेलेला माणूस इतका चालतो?

‘डार्क साइड’ सिनेमावर बेतल्याची गोष्ट निव्वळ योगायोगाची आहे. त्या अल्बमचे ध्वनी अभियंता ॲलन पार्सन्स स्टुडिओत हजर होते आणि असं काही झालं नाही हे त्यांनी स्वच्छ सांगितलंय. विषय संपला.

राहिल्या मुली. पॅटी स्मिथचा ‘हॉर्सेस’ १९७५ चा, म्हणजे रमोन्सच्या पहिल्या अल्बमच्याही आधीचा. एक्स-रे स्पेक्सची पॉली स्टायरीन, वडील सोमाली, दातांना तारा, आणि व्हिक्टोरिया पार्कमध्ये हजारो लोकांपुढे ती गायली. स्लिट्स हा तर मुलींचाच बँड. त्यांचा ‘कट’ १९७९ मध्ये आला आणि त्यावर बेस टेसा पॉलिट नावाच्या मुलीने वाजवलाय. रेगेच्या वळणाचा, जाड, मोकळ्या जागा सोडत जाणारा बेस. भाचीला त्यातलं पहिलं गाणं मी काल पाठवलं. तिने रात्री साडेअकराला उत्तर दिलं: “मामा, सुरुवातीचा भाग बसला. मधला जमत नाही, रविवारी येशील?”

येतो. ताई, ते पोस्टर गुंडाळून कपाटावर ठेवलंयस असं ती म्हणाली. मी येताना चिकटपट्टी घेऊन येईन.