ईव्हीचा टक्का वाचताना आधी अंश आणि छेद बघा

नॉर्वे ८८.९, चीन जवळपास ५०, जर्मनी १३.५, अमेरिका १०. नव्या कारविक्रीत इलेक्ट्रिक कार किती टक्के, याचे २०२४ मधले हे आकडे एकाखाली एक लावलेला तक्ता सतत फिरत असतो आणि त्यावरून कुठला देश पुढे, कुठला मागे, याचे निकाल लागतात. यातला एकेक आकडा खरा आहे. तक्ता मात्र चुकीचा आहे, कारण सगळे एका मापाने मोजलेलेच नाहीत.

नॉर्वे आणि जर्मनीच्या आकड्यांत निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या आहेत. चीन आणि अमेरिकेच्या आकड्यांत प्लग-इन हायब्रिडही धरल्यात, म्हणजे चार्जिंगची सोय आहे पण इंजिनही आहे अशा गाड्या. चीनमध्ये हा फरक फार मोठा पडतो. नुसत्या बॅटरीवाल्या गाड्या मोजल्या तर चीनचा टक्का तिशीच्या आसपास येतो. अमेरिकेचा आठाच्या आसपास.

चीनच्या बाबतीत आणखी एक घोळ हमखास होतो. तिथल्या वाहन उत्पादक संघटनेचा इलेक्ट्रिक आणि प्लग-इन गाड्यांच्या विक्रीचा २०२४ चा आकडा १ कोटी २८ लाखांच्या वर आहे, पण त्यात निर्यात झालेल्या गाड्या आहेत, बस-ट्रकही आहेत. देशात विकल्या गेलेल्या अशा कार १ कोटी १० लाखांच्या थोड्या वर. पहिला आकडा अंशात घालून खाली देशातल्या एकूण कारविक्रीचा छेद ठेवला की टक्का उगाच फुगतो.

आता छेद. नॉर्वेत २०२४ मध्ये एकूण नव्या कार विकल्या गेल्या १,२८,६९१. त्यातल्या इलेक्ट्रिक साधारण १ लाख १४ हजार. चीनमध्ये निव्वळ बॅटरीवाल्या एवढ्या गाड्या आठवड्याभरात खपतात! तेलाची मागणी किती घटेल हे बघायचं असेल तर टक्का बाजूला ठेवा आणि गाड्या मोजा.

एका महिन्याच्या टक्क्यावर तर अजिबात विसंबू नका. जर्मनीत १ सप्टेंबर २०२३ पासून कंपन्यांच्या नावाने घेतलेल्या गाड्यांचं अनुदान बंद होणार होतं, म्हणून ऑगस्टमध्ये झुंबड उडाली आणि हिस्सा ३१.७ टक्क्यांवर गेला. पुढच्याच महिन्यात १४.१. नॉर्वेत जानेवारी २०२३ पासून इलेक्ट्रिक गाड्यांनाही ५ लाख क्रोनरच्या वरच्या किमतीवर व्हॅट आणि गाडीच्या वजनावर कर लागू झाला. त्याआधीच्या डिसेंबरात लोकांनी घाईने गाड्या उचलल्या, जानेवारीत सगळ्या प्रकारच्या मिळून विक्री दोन हजारांच्या आत आली. मागच्या बारा महिन्यांची बेरीज घेतली की असे उंचवटे-खड्डे बरेचसे बुजतात.

विक्रीतला हिस्सा आणि रस्त्यावरचा हिस्सा हेही एक नव्हे. नॉर्वेत इलेक्ट्रिक कारची संख्या पेट्रोल कारच्या पुढे गेली ती सप्टेंबर २०२४ मध्ये. दोन्ही साधारण साडेसात लाख, एकूण कार २८ लाख. डिझेलच्या तेव्हाही दहा लाखांच्या जवळपास होत्या. गाडी पंधरा-वीस वर्षं चालते, त्यामुळे हा बदल सावकाशच दिसणार.

सगळ्यात चुकीचं वाचन जर्मनीचं होतं. २०२३ मध्ये ५,२४,२१९ इलेक्ट्रिक कार, २०२४ मध्ये ३,८०,६०९. यावरून ‘लोकांचा ईव्हीवरचा विश्वास उडाला’ असं ठणकावून सांगितलं जातं. पण तिथल्या संविधान न्यायालयाच्या निकालाने सरकारच्या निधीला कात्री लागली आणि डिसेंबर २०२३ मध्ये उरलेलं अनुदानही जेमतेम दोन दिवसांच्या सूचनेवर बंद झालं, हे सोबत कोणी सांगत नाही. त्याच २०२४ मध्ये ब्रिटनचा हिस्सा १६.५ वरून १९.६ वर गेला, कारण तिथे उत्पादकांवर विक्रीतल्या २२ टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या असण्याचं बंधन आलं होतं. नॉर्वेने तर मुळात रोख अनुदानावर भिस्त ठेवलीच नाही. इलेक्ट्रिक गाडीला १९९० पासून नोंदणी कर माफ, २००१ पासून व्हॅट माफ (वर सांगितल्याप्रमाणे २०२३ मध्ये यात थोडी कपात झाली), आणि पेट्रोल-डिझेल गाडीवर दोन्ही पूर्ण. तिजोरीतून द्यायची रक्कम एका निकालाने थांबू शकते. करातला हा फरक तिथे सरकारं बदलली तरी वर्षानुवर्षं टिकला.