कादंबरीला चाल लावताना

तुम्ही कादंबरी लिहायला घेतलीत, अभिनंदन. आता लिहिणं थांबवा. पहिलं प्रकरण 'पाऊस पडत होता' इथवर आलं असेल, तर तेवढं पुष्कळ झालं. खरं काम पुढे आहे: कुठल्या पात्रामागे कुठलं गाणं वाजणार, कुठल्या हुंदक्याला कुठला राग लागणार, हे ठरवणं. माझ्या पहिल्या कादंबरीत प्रकरणं अकरा होती आणि गाणी चौतीस. गाणी निवडायला चौदा महिने गेले, कादंबरी दिवाळीच्या सुट्टीत उरकली. तेव्हा हे अनुभवाचे बोल समजा.

कुणी नाक मुरडलं तर त्याला आपली परंपरा दाखवा. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 1880 साली पुण्यात 'शाकुंतल' रंगमंचावर आणलं, तेव्हापासून मराठी माणसाला ठाऊक आहे की भावना अनावर झाली की गायचं असतं. नायिका मूर्च्छा येण्याच्या बेतात असली तरी पद पुरं होणार, पिटातून 'वन्समोअर' येणार आणि बाई पुन्हा पहिल्यापासून व्याकुळ होणार. कादंबरीत ही सोय नव्हती. वाचकाला दु:ख एकदाच मिळायचं. आता प्रकरणाच्या शेवटी क्यूआर कोड छापला की हवं तितक्या वेळा व्याकुळ व्हा.

गीतरामायणाचंही उदाहरण देता येईल. 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर, आठवड्याला एक, अशी छप्पन गाणी झाली. प्रत्येक पात्र आपापल्या तोंडाने, आपापल्या चालीत बोललं. फक्त तिथे गदिमा आणि बाबूजी होते आणि मागे वाल्मीकींची कथा तयार होती, हे मोठ्याने बोलू नका. तुमच्याकडे कथा नाही. म्हणूनच गाण्यांची संख्या वाढवायची.

आता पात्रं. नायक संवेदनशील असेल (मराठीत दुसरा नायक मिळत नाही) तर त्याला कुमार गंधर्वांची निर्गुणी भजनं द्या. त्याला ती आवडतात का, हे विचारू नका. तो बी.कॉम.ला दोनदा बसलेला, मामाच्या ओळखीने पतपेढीत चिकटलेला असेना का. रात्री दोनला अंधारात निर्गुणी ऐकत बसतो म्हटलं, की त्याच्या अंतर्मनाची चार पानं वाचतात. म्हणजे लिहायची वाचतात. वाचकांचं मी सांगत नाही. आजीला नाट्यगीत. वडिलांना जुनं हिंदी गाणं, तेही गॅलरीत पाठमोरं उभं राहून. खलनायकाला ठुमरी आणि चांदीचा पानाचा डबा. डबा आला की ठुमरी वाचकाच्या कानात आपोआप सुरू होते.

भांडी घासायला येणाऱ्या मावशींना मात्र लावणीच. त्या किशोरीताईंचा भूप ऐकत कढई घासतात असं लिहिलंत, तर समीक्षक तुम्हाला 'हे पटत नाही' म्हणून खडसावतील. कढई घासत भूप ऐकणारी बाई मी स्वतः पाहिली आहे, पण मी तिला कादंबरीत घेतलं नाही. शेवटी वास्तववाद सांभाळावा लागतो.

कादंबरी जुन्या काळातली असेल तर साल-बिल बघत बसू नका. 1953 ची नायिका गिरगावातल्या चाळीत सकाळी आकाशवाणीवर सिनेमाची गाणी ऐकत खुशाल लाजू दे. मग कुणी निवृत्त गृहस्थ निळ्या शाईत चार पानी पत्र पाठवतील. तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री आपलेच मराठी बाळकृष्ण विश्वनाथ केसकर होते, सिनेसंगीत त्यांना खपत नसे, आकाशवाणीवरून ते जवळपास हद्दपार झालं होतं, लोक रेडिओची सुई फिरवून सिलोन लावत आणि विविध भारती सुरू झाली ती 1957 च्या ऑक्टोबरात, हे सगळं ते लिहितील. शिवाय पेटीलासुद्धा 1940 पासून तीसेक वर्षं आकाशवाणीचं दार बंद होतं, हा ताजा कलम असेल. पत्र वाचून दु:खी होऊ नका. मंत्र्याची नजर चुकवून, शेजारच्यांच्या रेडिओवर सिलोनच्या खरखरीतून एक गाणं वेचून घेणारी मुलगी, हे आयतं प्रकरण हाताशी होतं खरं. पण ते लिहावं लागलं असतं.

ओळी छापायच्या असतील तर कवी नीट बघून घ्या, म्हणजे कधी वारला ते. आपल्याकडे कवी गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांकडे राहतो. गदिमा 1977 साली गेले, म्हणजे 2037 सरेपर्यंत परवानगी मागायची. सुरेश भट 2003 साली, म्हणजे 2063. तेवढा धीर तुमच्या नायिकेला नाही. भा. रा. तांबे 1941 साली गेले, त्यामुळे ते आता सर्वांचे आहेत. सबब, प्रेमभंग झाल्याबरोबर नायिकेला तांबेच आठवले पाहिजेत, मग ती हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगला का असेना. तुकोबा तर कधीही, कुठेही. बस चुकली तरी चालतात.

वेळेचं गणितही जमवावं लागतं. वाचकाला ताटातुटीचं पान वाचायला दोन मिनिटं लागतात. तुम्ही लावलेला विलंबित ख्याल पाऊण तासाचा आहे. बुवा अजून आलापीत आहेत तोवर नायिकेचं दुसरं लग्न होऊन बारसंसुद्धा उरकलेलं असतं. यावर उपाय एकच: 'वाचकाने सावकाश वाचावं' असं मनोगतात बजावून ठेवा. दुसरी अडचण जाहिरातींची. वाचकाने ॲपचे पैसे भरलेले नसतात. त्यामुळे नायक कड्याच्या टोकावर उभा राहतो, सतार थांबते आणि एक उत्साही बाई गच्चीच्या गळतीवर खात्रीशीर इलाज सांगायला लागते. एका वाचकाने मला कळवलं, की तो इलाज त्याने करून घेतला आणि चांगला निघाला.

आता मुख्य गोष्ट, मृत्यू.

माझ्या कादंबरीतले आजोबा म्हणजे माझेच आजोबा. ते गेले सकाळी साडेसातच्या सुमारास. डॉक्टरांनी त्यांचा हात हलकेच गादीवर ठेवला आणि त्याच क्षणी गल्लीत घंटागाडी शिरली, भोंग्यावर ते कचरा बाहेर आणायला सांगणारं गाणं लावून. खोलीत आम्ही सात जण होतो. कुणी रडेना, कुणी कुणाकडे बघेना. चाल अशी, की नको म्हटलं तरी पायाचा अंगठा ठेका धरतो. गाणं आमच्या फाटकाशी आलं तेव्हा आत्या उठली. तिने डोळे पुसले, ओल्या-सुक्याच्या दोन्ही बादल्या उचलल्या आणि बाहेर गेली. परत आली, बादल्या मोरीत ठेवल्या, हात धुतले. मग भिंतीला टेकून तिने जो हंबरडा फोडला तो चार घरं ऐकू गेला.

असला मजकूर चुकूनही घेऊ नका. मृत्यूला मारवा लावायचा. पंचम नाही, षड्जावर निवांत टेकू देत नाही, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला. साहित्यिक मरणाला याहून काय हवं? अडचण एवढीच, की मारवा दिवस मावळतानाचा. सकाळच्या मरणाला तोडी चालली असती, पण मारव्याचा क्यूआर कोड तोवर छापखान्यात गेला होता. मग मी आजोबांना संध्याकाळपर्यंत थांबवलं. अकरा तास घरघर लावून ठेवली. डॉक्टर बदलले, कारण मूळ डॉक्टरांचा संध्याकाळी दवाखाना असतो. खिडकी पूर्वेची होती, ती पश्चिमेला नेली आणि तीतून तांबूस प्रकाश आत घेतला. आत्याला काही काम उरलं नाही, म्हणून तिच्या हातात समई दिली. परीक्षणात या प्रकरणाला 'सुरेल' म्हटलं गेलं.

पहिली प्रत आत्यालाच नेऊन दिली. ती वाचायला लागली की कुठेही जीभ आवरत नाही, म्हणून मी महिनाभर तिच्या घरी फिरकलो नाही. शेवटी तिचाच फोन आला.

"वाचली रे," ती म्हणाली. "गाणी पण ऐकली, मुलीने लावून दिली. भाजी निवडताना बरी वाटतात."

"आणि आजोबांचं प्रकरण?"

ती जरा वेळ गप्प राहिली. "त्या दिवशी घंटागाडी आली होती की. ती कुठे गेली?"

तिची लिंक मिळाली नाही, असं मी सांगितलं.