‘विमानातून हळवं होणं सोपं असतं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘खाडीकाठ’ या नावाने लिहिणाऱ्या वाचकांस,

‘फोकरच्या पंखाखालून’ या, लहानपणच्या १९६९मधल्या विमानप्रवासावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया मी तीन दिवस तशीच ठेवली. लगेच लिहायला बसलो असतो तर शब्द वर-खाली झाले असते. आजही ते होणार नाहीत अशी खात्री देत नाही. बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचा मजकूर आधी जसाच्या तसा देतो :

“काका, लेख छान सजवलाय. पण विमानातून खाली बघून कोकणावर हळवं होणं सोपं असतं. आमची माणसं तेव्हा बोटीच्या डेकवर ओकत होती. व्हायकाउंट १९६१ला नाही, १९५७ला आलं. त्या विमानांचे अपघात किती व्हायचे, आवाजाने कान कसे किटायचे, हे सोयीस्करपणे गाळलंय. आणि चिपीला आज एटीआर उतरतं, तेही पंख्याचंच आहे. मग हळहळ नेमकी कशाची? स्वतःच्या वयाची?”

जे मान्य ते आधीच सांगून टाकतो. व्हायकाउंट इंडियन एअरलाइन्सकडे १९५७ साली आलं. १९६१ हे फोकर फ्रेंडशिप विमानाचं साल. लिहिताना दोन्हींची गल्लत झाली, चूक माझी. लेखात दुरुस्ती केली आहे. माहितीतली चूक दाखवणारा वाचक मला नेहमीच हवा असतो आणि त्याबद्दल तुमचे आभार.

पण चूक दाखवायचीही एक रीत असते. आमच्याकडे वडीलधाऱ्याला काका म्हणतात ते पाट पुढे सरकवताना म्हणतात, टोचण्याआधी म्हणत नाहीत. तुम्ही ‘काका’ने सुरुवात केलीत, मग ‘सजवलाय’ म्हणालात, आणि शेवटी माझं वय काढलंत. नाव न सांगता हे सगळं लिहिता येतं, ही सोय तुम्हाला आहे. मला नाही, माझं नाव ब्लॉगच्या माथ्यावर आहे. तरीही उत्तर देतोय, कारण तुमच्या सात-आठ वाक्यांतलं एक वाक्य मला रात्री झोपू देईना. ते म्हणजे, ‘सोपं असतं’.

तुम्ही गृहीत धरलंत की १९६९ साली जे पोर विमानात बसलं ते पैसेवाल्याचं असणार. माझे वडील सांताक्रूझच्या हँगरमध्ये फिटर होते. दक्षिण कोकणातल्या परुळ्याजवळच्या आमच्या वाडीतून ते मुंबईला आले आणि पंचावन्न साली विमानांच्या कामाला लागले. सुरुवात डकोटा या जुन्या, दोन इंजिनांच्या विमानावर. डकोटाच्या एका इंजिनाला चौदा सिलिंडर, प्रत्येकाला दोन प्लग. म्हणजे एका विमानाचे छप्पन्न प्लग, आणि ते काढून, पुसून, तपासून परत बसवणारे हात माझ्या वडिलांचे. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन सकाळी तसंच सुरू करायचं नसे. तेल खालच्या सिलिंडरांत उतरून साचतं. तसाच झटका दिला तर आतला दांडा वाकतो. म्हणून आधी पंख्याचं एकेक पातं हाताने खाली ओढून इंजिन फिरवून घ्यावं लागे. वडिलांच्या उजव्या खांद्याचं दुखणं त्यातलंच होतं. पुढे फोकर आली आणि ते तिच्या डार्ट या टर्बाइन इंजिनाचं काम शिकले. तिथे प्लगांची ती माळ नव्हती. हवा दाबणारा दोन टप्प्यांचा कॉम्प्रेसर, इंधन जळायचे सात कॅन आणि पुढे चार पात्यांचा पंखा. डकोटाला पेट्रोल लागायचं आणि डार्टला विमानाचं केरोसीन, म्हणजे रॉकेलाचा सख्खा भाऊ. आई कुर्ल्याच्या चाळीत धुण्याचा पिळा सोडताना वासावरून सांगायची, “आज डकोटा होता वाटतं.” ती स्वतः तोवर एकदाही विमानात बसलेली नव्हती.

आमचं तिकीट म्हणजे कर्मचाऱ्याचा पास. जागा रिकामी असेल तरच बसायचं, हा नियम. तक्रार नाही, नियम म्हणून तो योग्यच होता. पण त्याचा अर्थ काय होतो ते ऐका. मे महिन्यात पहाटे चारला उठून पत्र्याची ट्रंक, आंब्यासाठी रिकामी करंडी आणि आम्ही तिघं सांताक्रूझला जाऊन बसलो. पहिल्या दिवशी विमान भरलं. ट्रंक उचलली, घरी आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तीन जागा मिळाल्या. आईने त्या दोन दिवसांत शेजाऱ्यांना तोंड दाखवलं नाही, कारण निरोप आधीच घेऊन झाला होता.

आता डेकवर ओकणाऱ्यांबद्दल. ‘आमची माणसं’ असं तुम्ही लिहिलंत. मग मी कोणाचा? त्या एका विमानप्रवासाआधी आणि त्यानंतरही दर मे महिन्यात आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीनेच गावी जायचो. आईला बोट लागायची. रेवदंडा मागे पडलं की ती आडवी व्हायची, नाकाशी लिंबू, डोक्याखाली ट्रंक. मलाही लागायची. बोटीच्या कठड्याला धरून मी किती वेळा ओकलोय याचा हिशेब तुम्हाला द्यायची मला गरज वाटत नाही, पण दिलाच पाहिजे असं दिसतंय. वेंगुर्ल्याला बोट बाहेरच उभी राहायची. किनाऱ्यावर नेणारी होडी, म्हणजे पडाव, आला की माणसं खाली उतरायची आणि सामान वरून झेलायचं. एकदा आमच्या ट्रंकेचा कोपरा वडिलांच्या पायावर आदळला, अंगठ्याचं नख गेलं, ते परत नीट आलंच नाही. त्यामुळे कोकणच्या हालांची शिकवणी कृपा करून मला देऊ नका. पावसाळ्यात बोट बंद झाली की एसटीने घाट उतरायचो, तेही सांगून ठेवतो, नाहीतर उद्या त्यावरून लिहाल.

माझ्या लेखातलं जे तुम्ही वाचलंच नाहीत ते इथेच येतं. फोकरचा पंख वर असतो, माथ्यावर. खिडकी मोठी, लंबगोल, आणि तिच्याखाली अडवणारं काही नाही. मी डाव्या बाजूला होतो. खाली किनारा सरकत होता आणि दहा वर्षांच्या मला ते नुसतं हिरवं-निळं दिसत होतं. वडील माझ्यावरून वाकून बोट ठेवत गेले : “ही बाणकोटची खाडी. ही दाभोळची. हे जयगड. आता राजापूरची येईल.” त्यांच्या हातात नकाशा नव्हता. या प्रत्येक खाडीच्या तोंडाशी बोट थांबलेली त्यांनी पाहिली होती, अंधारात, कंदिलाच्या उजेडात, पडाव हेलकावताना. दाभोळच्या तोंडाशी पाणी कसं वळतं ते त्यांना पोटातून माहीत होतं. विजयदुर्ग त्यांनी भिंतींवरून ओळखला नाही, वाघोटण नदीच्या वळणावरून ओळखला. मालवणसमोर सिंधुदुर्ग आला तेव्हा ते बोलायचे थांबले. पाण्यावर कोणीतरी वाकडीतिकडी बांगडी काढून ठेवावी तसा तो दिसला. मग कर्ली नदीचं मुख, देवबागची वाळूची चिंचोळी पट्टी, आणि वडील म्हणाले, “आमचा घर थंय.” घर अर्थात दिसलं नाही. माडांचा गर्द डाग दिसला.

वरून पाहणं सोपं असतं म्हणता ना? खालून ज्याने ते सगळं अंगावर काढलेलं नाही त्याला वरून काही कळत नाही. त्या विमानात आमच्या पुढच्या रांगेत दोन साहेब बसले होते, त्यांनी गोव्यातल्या दाबोळीपर्यंत वर्तमानपत्रातून मान वर काढली नाही. त्यांना तो प्रवास सोपा होता. माझ्या वडिलांना नव्हता. त्यांच्या डोळ्यात पाणी होतं आणि ते कशाचं, हे मला कळायला मी चाळिशी ओलांडली.

आणि विमान आम्हाला घरी नेऊन सोडत नव्हतं, हेही तुम्ही सोडून दिलंत. दाबोळीची धावपट्टी मुळात पोर्तुगिजांची, १९५५ची. १८ डिसेंबर १९६१ला आपल्या हवाई दलाच्या कॅनबेरा बॉम्बफेकी विमानांनी तिच्यावर बॉम्ब टाकले, आणि गोवा मुक्त झाल्यावर तीच आम्हा दक्षिण कोकणवाल्यांना सगळ्यात जवळची ठरली. जवळची म्हणजे अशी : सव्वा तासाचं विमान, मग कुठ्ठाळीहून फेरीबोट, आगशीहून पणजीपर्यंत बस, मांडवीवर पूल नव्हता म्हणून बेतीला जायला पुन्हा फेरीबोट, मग म्हापसा, पेडणे, बांदा, सावंतवाडी. सावंतवाडीच्या स्टँडवर रात्र काढली. आई बाकावर, मी ट्रंकेवर, वडील उभे. घरी पोचलो दुसऱ्या दिवशी दुपारी. विमानातल्या बाईंनी ट्रेमधून पेपरमिंट आणि कानात घालायचा कापूस दिला होता. वडिलांनी आम्हा तिघांचा कापूस खिशात जपून ठेवला होता. आजीने तो हातात घेतला, उलगडून उजेडात धरला, म्हणाली, “बरो आसा.” संध्याकाळी त्याच्या वाती वळल्या आणि देवापुढे लावल्या. या वाक्यावर तुम्ही ‘सजवलाय’ म्हणणार असाल तर म्हणा. आमच्या घरी विमान इतकंच आलं.

अपघात झाले, डकोटांचे झाले, फोकरांचेही झाले, ते मी कुठे नाकारलं? माझ्या लेखाचा तो विषय नव्हता. मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट १७ जुलै १९४७ला बुडाली, सहाशेहून जास्त माणसं गेली. म्हणून रेवसच्या माणसाने बोटीच्या आठवणी लिहूच नयेत का? ‘सोयीस्करपणे गाळलंय’ हा शब्द मला लागला. गाळलं आणि लिहिलं नाही यात फरक असतो.

आवाजाचं म्हणाल तर तिथे तुमचं-माझं जमणारच नाही. डार्टची शिटी ज्यांनी ऐकली आहे त्यांना ती कान किटवणारी वाटली असेल, नाही म्हणत नाही. जवळ उभं राहिलं तर दुखायचंच. वडिलांना उतारवयात डाव्या कानाने कमी ऐकू यायचं. पण कुर्ल्याच्या गच्चीवर रात्री झोपलेलो असताना ती बारीक, वर चढत जाणारी शिटी आली की ते डोळे मिटूनच सांगायचे, फोकर उतरली. आणि ती व्यवस्थित उतरली की कुशीवर वळायचे. आदल्या पाळीला त्यांनी त्यातल्याच एखाद्या विमानाला हात लावलेला असायचा.

आता एटीआर, म्हणजे हल्लीचं पंख्याचं प्रवासी विमान. ९ ऑक्टोबर २०२१ला सिंधुदुर्ग जिल्ह्यातला चिपी विमानतळ सुरू झाला. आमच्या वाडीपासून तो हाकेच्या अंतरावर म्हणावा इतका जवळ आहे. वडील तेव्हा गावीच होते, नव्वदीच्या उंबरठ्यावर. एक दिवस खळ्यात खुर्ची टाकून बसले होते आणि माडांवरून एटीआर खाली उतरत गेलं. पंख वर, फोकरसारखाच. पंख्याला सहा पाती. मला वाटलं, ओळखीचं काही भेटलं म्हणून त्यांना बरं वाटेल. मी विचारलं, “कसा वाटता?” त्यांनी चांगला कान दिला, आवाज धावपट्टीवर मिटेपर्यंत दिला. मग म्हणाले, “इंजिन चांगला आसा. पण ह्यो डार्ट न्हय. ह्यो शिटी मारणा नाय.” आणि उजवा खांदा चोळत बसले. त्या पावसाळ्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत.

हळहळ कशाची, असं तुम्ही विचारलंत. त्या खांद्याची. तुमची प्रतिक्रिया मी काढणार नाही, लेखाखाली आहे तशीच राहील. तुमच्या घरातल्या कोणाच्या बोटीच्या आठवणी असतील तर त्या जरूर लिहा, मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचेन. पण नाव घालून लिहा. आणि पुढच्या खेपेस मला काका म्हणू नका.