तळहातावरच्या पिवळ्या रेषा

आमच्या परळच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘एपीओई जीनची टेस्ट करा. ४ नंबर निघाला तर हार्ट अटॅक ठरलेलाच. २ निघाला तर तूप-लोणी बिनधास्त खा. ३ वाल्यांना कोलेस्टेरॉलची गोळी लागतच नाही.’ मी लॅबमध्ये काम करतो, म्हणून चौथ्या मजल्यावरच्या काकांनी मला जिन्यातच गाठलं.

आधी ते ‘ठरलेलाच’. एपीओई हे त्याच नावाच्या जीनवरून बनणारं २९९ अमिनो आम्लांचं प्रथिन. रक्तातल्या चरबीच्या कणांवर बसायचं आणि यकृतातल्या रिसेप्टरला, म्हणजे पेशीवरच्या कण पकडणाऱ्या आकड्याला, चिकटून ते कण आत घ्यायला लावायचे, हे त्याचं काम. २, ३ आणि ४ या त्याच्या तिन्ही प्रकारांत फरक काय तो साखळीतल्या ११२ आणि १५८ या दोन जागांवरचा. एक प्रकार आईकडून येतो, एक वडिलांकडून; दोन्ही ३ आले की ३-३. २००७ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा ४ वाल्यांचा धोका ३-३ वाल्यांपेक्षा जेमतेम ६ टक्के जास्त निघाला. तोही शंकेला जागा ठेवून! सिगारेट आणि मधुमेहापुढे हे दर्यामे खसखस.

२ नंबरचं अर्धं खरं आहे. त्याच पाहणीत २ वाल्यांचा धोका सुमारे २० टक्के कमी दिसला. पण आई-वडील दोघांकडून २ आला, तर प्रथिन रिसेप्टरला नीट चिकटत नाही. बहुतेकांचं तरीही निभावतं. काहींना मात्र वर वजन, मधुमेह किंवा थायरॉइडची भर पडली की चरबीचे अर्धवट मोडलेले कण रक्तात साचतात. उपाशीपोटी घेतलेलं रक्त सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे गरागरा फिरवणाऱ्या यंत्रातून, काढलं तरी वरचं सीरम पातळ ताकासारखं गढूळ दिसतं. काहींच्या तळहाताच्या रेषाच पिवळट-नारिंगी होतात. हात बघून निदान करण्याचा एवढा एकच प्रकार मला मान्य आहे. आणि तूप सगळ्यात आधी सोडायचं ते नेमकं यांनी.

मेसेजमध्ये एक गोष्ट सोयीस्कर गाळलीय. ४ नंबरचा जास्त दाट संबंध अल्झायमरशी आहे. हृदयाचं विचारायला जाल आणि भलतंच कळून बसाल.

राहिली गोळी. ती ठरते एलडीएल (म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल), साखर, बीपी, वय आणि घरातल्या आजारांवरून. एलडीएल पिढ्यान्‌पिढ्या १९० च्या वर असलेल्या घरांत दोष बहुतेकदा एलडीएल रिसेप्टरच्या जीनमध्ये असतो. तिथे ३-३ चा रिपोर्ट काय कामाचा?

काकांचाही रिपोर्ट ३-३ आलाय. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट बसलाय. म्हटलं, गोळ्यांची पट्टी दाखवा. रविवारपासूनच्या पाचही गोळ्या जागच्या जागी होत्या.