बेळगावच्या थंडीला फुगीर जॅकेट नको, तीन पातळ थर हवेत

दिवाळी सरली की खडेबाजार, गणपत गल्लीत फुगीर जॅकेटं टांगलेली दिसू लागतात. थंडी पडली की माणूस त्यातलं सगळ्यात जाड तेवढं उचलतो. यंदा पैसे मोजण्याआधी हे वाचा, अशी मनापासून विनंती.

आपल्याकडची थंडी दिवसभराची नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत आभाळ मोकळं आणि हवा कोरडी असते, त्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री भराभर निवते. पहाटे पारा १२-१४ वर आणि त्याच दिवशी दुपारी दोनला २९-३०. आठ तासांत पंधरा अंशांचा फरक! खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे झाडी आणि धुकं, तिथं ऊन अंगाला लागायलाच उशीर होतो. बर्फाच्या मुलखासाठी शिवलेलं जॅकेट इथं सकाळी सातला बरं वाटतं, दहाला घाम फोडतं आणि अकराला हातावरचं ओझं होतं. नुकसान नंतर होतं. घामानं भिजलेला बनियन अंगावर तसाच राहतो आणि संध्याकाळचा गार वारा सुटला की तोच पाठीला झोंबतो.

म्हणून एक जाड कपडा घेण्यापेक्षा एकावर एक तीन पातळ कपडे घालावेत, असं माझं ठाम मत आहे. अंगाची ऊब धरून ठेवते ती कपड्यात आणि दोन कपड्यांच्या मध्ये अडकलेली हवा. तीन थर असले की हवेचे पदर वाढतात, आणि ऊन चढेल तसा एकेक थर उतरवता येतो.

पहिला थर अंगाला लागून. घरात, ऑफिसात बसून काम असेल तर बाह्यांचा सुती बनियन पुरतो. पहाटे शहरातल्या वॅक्सिन डेपोच्या आवारात फिरायला जाणाऱ्यानं किंवा उसाच्या फडात राबणाऱ्यानं मात्र सुती कपडा अंगाला लावू नये. सूत घाम पितं आणि लवकर वाळत नाही. तिथं पातळ थर्मल किंवा खेळाडू घालतात तसला लवकर वाळणारा टी-शर्ट बरा. थर्मलचा गळा खोल घ्या, म्हणजे शर्टाचं वरचं बटण उघडं ठेवलं तरी तो डोकावत नाही. रंग पांढऱ्यापेक्षा अंगाच्या रंगाचा घ्या. फिकट शर्टाखाली पांढरा उठून दिसतो.

दुसरा थर स्वेटरचा, आणि फसवणूक सगळ्यात जास्त इथंच होते. बाजारातले बहुतेक स्वेटर अॅक्रिलिकचे असतात. अॅक्रिलिक वाईट नाही, स्वस्त आणि हलकं असतं, पण लोकर म्हणून लोकरीच्या भावात घेऊ नका. आतल्या शिवणीवरचं लेबल वाचा. शंका असेल तर आतून सुटलेला एक धागा चिमट्यात धरून पेटवा. लोकरीला जळलेल्या केसांचा वास येतो आणि राख बोटानं चुरगळते. अॅक्रिलिक वितळतं आणि त्याची काळी टणक गोळी होते. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. सकाळ-दुपारच्या उलाढालीत तिच्याइतकं सोयीचं काही नाही.

मापाकडे नीट बघा. खांद्याची शिवण खांद्याच्या हाडावर यावी, बाही मनगटाच्या हाडापर्यंत, आणि खालची पट्टी कमरेच्या पट्ट्याच्या दोन-तीन बोटं खाली. पट्टी ताणून सोडा. झटकन मागं आली तर घ्या, ढिली राहिली तर दुकानातच ठेवा. महागड्या स्वेटरनंही माणूस गबाळा दिसतो तो खांदे उतरलेले असतात आणि पोटाशी झोळ असतो म्हणून. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून पोरांना दोन मापं मोठा घेतात, त्यात गळ्यातून आणि खालून वारा शिरतो.

तिसरा थर वाऱ्यासाठी, आणि तो दुचाकीवाल्यांना हवाच. १० अंशांच्या थंडीत ताशी ५० च्या वेगानं गाडी चालवली तर उघड्या कातडीला ५-६ अंशांसारखा गारठा लागतो. निपाणी, संकेश्वरकडून हायवेनं पहाटे शहरात येणाऱ्यांना हे सांगायला नको. लोकरीच्या स्वेटरमधून वारा आरपार जातो, त्यामुळे नुसता जाड स्वेटर घालून गाडीवर बसणं फुकट आहे. वर पातळ पण घट्ट विणीचं विंडचीटर घाला. घडी केली की डिकीत मावतं. चेन हनुवटीपर्यंत जायला हवी आणि चेनच्या आत कापडी पट्टी हवी, नाहीतर चेनच्या दातांतून वारा छातीवर येतो. अडचणीच्या वेळी शर्ट आणि स्वेटरच्या मध्ये छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवली तरी वारा अडतो. मफलरची टोकं मोकळी सोडू नका. गळ्याभोवती एक वेढा देऊन ती जॅकेटच्या आत खोचा. चाकात अडकायची भीती नाही आणि गळाही झाकतो.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय. आपल्या भागातलं सगळ्यात देखणं गरम कापड बाजारातल्या कुठल्याही टांगणीवर नाही, ते धनगरांच्या घोंगडीत आहे. दख्खनी मेंढीची काळी-करडी लोकर, हातानं कातलेलं सूत, खड्ड्यात बसवलेल्या हातमागावरची वीण आणि ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ. खळीमुळे नवी घोंगडी पुठ्ठ्यासारखी ताठ लागते, वापरून मऊ पडते. या लोकरीला भाव मिळत नाही म्हणून कातरलेली लोकर कितीतरी ठिकाणी फेकून द्यावी लागते, याचं फार वाईट वाटतं. त्या कापडाचं बिनबाह्यांचं जाकीट शिवून घ्या. पांढऱ्या शर्टावर, कुर्त्यावर, जीन्सवर, कशावरही शोभतं आणि रंगवायची गरजच नाही.

शिवताना मात्र शिंप्याला चार गोष्टी आधी सांगा. कापण्यापूर्वी कापड गार पाण्यात रात्रभर भिजवून सावलीत वाळवायचं, नाहीतर पहिल्या धुण्यात जाकीट आटतं. आतून पूर्ण सुती अस्तर लावायचं, आणि कॉलरला आतल्या बाजूनं मऊ कापड, कारण ही लोकर भरड असते आणि मानेला टोचते. मशिनला जाड सुई, १६ किंवा १८ नंबरची. छातीत शर्टावरून घेतलेल्या मापापेक्षा ४ इंच सैल आणि मुंढा, म्हणजे काखेचा घेर, नेहमीपेक्षा मोकळा, म्हणजे आत स्वेटर बसतो. घोंगडीला मधे जोड असेल तर तो पाठीच्या मध्यावर सरळ घ्या, तिरका गेला तर वाईट दिसतो. घोंगडी नको असेल तर सुटिंगच्या लोकरी कापडाचं, ५८ इंच पन्ह्याचं, सव्वा मीटर मध्यम बांध्याला पुरतं.

साडी नेसणाऱ्या बायकांचे थंडीत खरोखर हाल होतात, आणि त्याचा विचार कुणी करत नाही. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू, रिसेप्शन उघड्या लॉनवर रात्री नऊला, आणि अंगावर पाठ उघडी ठेवणारा ब्लाऊज. ब्लाऊजऐवजी पूर्ण बाह्यांचा, अंगाबरोबर बसणारा, बारीक विणीचा लोकरी टॉप घाला. इरकलीच्या लाल पदराशी काळा किंवा गडद हिरवा छान जातो. परकराखाली थर्मल लेगिंग घातली तर बाहेरून काही कळत नाही, निऱ्याही फुगत नाहीत. शाल दोन्ही खांद्यांवरून घेतली तर काठ-पदर दोन्ही झाकतात. ती लांबीत तिहेरी दुमडून उजव्या खांद्यावरून सोडा, पदर डावीकडे मोकळा राहतो. पिन शालीतून टॉपच्या किंवा ब्लाऊजच्या शिवणीत टोचा, रेशमी साडीत नको. रेशमाला पडलेलं भोक बुजत नाही.

पायांना दोन घट्ट मोज्यांपेक्षा एक सैल लोकरी मोजा चांगला. दोन मोज्यांवर बूट आवळला की मधली हवा दाबली जाते आणि बोटं बधिर होतात. तान्ह्या बाळाला झोपवताना घरात कानटोपी काढून ठेवा. तान्ह्या बाळांची जादा उष्णता बरीचशी डोक्यावाटे जाते, आणि फार गुंडाळलेलं मूल तापतं.

धुण्याबद्दल. लोकरीच्या धाग्यावर बारीक खवले असतात. गरम पाणी आणि घासणं या दोन्हींनी ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटतो. एकदा आटला की पुन्हा मूळ मापावर येत नाही. कोमट पाणी, सौम्य लिक्विड, दहा मिनिटं बुडवून हलकंसं दाबायचं. पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी काढायचं आणि खाटेवर पसरून सावलीत वाळवायचं. दोरीवर टांगलं तर पाण्याच्या वजनानं बाह्या गुडघ्यापर्यंत येतात.

होळी झाली की कपडे ट्रंकेत जातात. न धुता ठेवू नका. कसरीच्या अळ्या घामाचे आणि तेलाचे डाग असलेली लोकर आधी खातात. धुऊन, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवून, झटकून मगच घडी करा. डांबराच्या गोळ्या घातल्या असतील तर पुढच्या कार्तिकात कपडे दोन-तीन दिवस उन्हावाऱ्यात ठेवल्याशिवाय अंगावर घेऊ नका. तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर त्या गोळ्या अजिबात घालू नका. काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात आणि कावीळ होते.